पश्चिमवाडीची हजेरी

आमच्या इशिहामा गावच्या शर्यतीत होडी उलटली म्हणून कुणी हळहळत नाही. उलटली नाही, तर मात्र लोक शिव्या घालतात. पाचव्या चांद्रमासाच्या चौथ्या दिवशी ओकिनावाच्या किनाऱ्याला गावोगावी होड्यांच्या शर्यती होतात, तशा आमच्याही होतात. पण मानाची शर्यत शेवटची, उलटायची. पूर्ववाडी, मधलीवाडी, पश्चिमवाडी अशा तीन होड्या भर समुद्रात जातात. किनाऱ्यावरून निशाण हललं की आपलीच होडी आपण पालथी घालायची. सगळ्यांनी पाण्यात पडायचं, होडी पुन्हा सुलटी करायची, पाणी उपसायचं, चढायचं आणि किनारा गाठायचा. वादळात जगायचं कसं, हे म्हाताऱ्यांनी खेळाच्या नावाखाली शिकवून ठेवलंय. बाहेरगावचे पाहुणे हे बघून हसतात. हसू देत. समुद्रात त्यांना जायचं नसतं.

त्या वर्षी पश्चिमवाडीकडे होडी होती, वल्ही होती, ताल धरायचा थाळा होता. पुरुष मात्र नव्हते. तरणी पोरं नाहा शहरात नाहीतर मुख्य भूमीवर नोकरीला, उरलेले ट्यूना पकडायला सहा-सहा महिने दूर. मिसाओचा नवराही त्यांतलाच. सभागृहात बैठक बसली, तेव्हा वाडीकडून तिचे सासरे चोएई आणि आणखी दोन म्हातारे तेवढे हजर होते, आणि त्या दोघांतला एक झोपला होता.

"तुमच्याकडे वल्हवणार कोण?" पूर्ववाडीचा तांडेल मोरिनोबु म्हणाला. "मांजरं धरली तरी दहा भरायची नाहीत."

गावप्रमुखांनी घसा साफ केला. यापुढे दोनच होड्यांची शर्यत करावी, पश्चिमवाडीची होडी शाळेच्या आवारात छपराखाली ठेवावी, मुलं बघतील, फोटो काढतील, असं त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. माणूस मायेनं बोलायला लागला की समजावं, निर्णय आधीच झालाय.

मिसाओ तेव्हा चहा आणि काळ्या गुळाचे तळलेले गोळे घेऊन आली होती. चोएई मान खाली घालून बसले होते. या माणसानं ती होडी वीस वर्षं हाकली होती आणि आता त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ते तिला बघवेना. तिनं तबक खाली ठेवलं.

"आम्ही वल्हवू," ती म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण?"

"बायका. सरळ शर्यतीत वल्हवतोच की."

"वहिनी, ही उलटायची आहे," मोरिनोबु हसला. "केस भिजतील."

"भिजू देत. भाऊजी, गेल्या वर्षी तुमची होडी दोनदा उलटली होती ना? एकदा तर निशाण हलायच्या आधीच."

मधलीवाडीचे लोक मांड्या बडवून हसले. झोपलेला म्हातारासुद्धा जागा होऊन हसला, कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं. गावप्रमुखांनी बराच वेळ मान हलवली आणि शेवटी एक वर्ष दिलं. अट एकच: शेवटचा नंबर आला, की होडी शाळेत.

घरी परतताना चोएई एवढंच म्हणाले, "तोंड चांगलं चालतं तुझं. आता हात चालव."

ती बोलून बसली होती त्याचं मूळ खरं तर चोएईंच्या गोष्टीत होतं. लग्न होऊन ती या घरात आली, त्याच आठवड्यात तिनं ती ऐकली, आणि पुढं दर वर्षी सणाच्या जेवणात डुकराच्या पायांच्या रश्श्याबरोबर ती गोष्ट वाढली जायचीच. चोएईंनी जिंकलेली शर्यत. वादळ सरून गेलं होतं, पण समुद्र अजून खवळलेला. पश्चिमवाडीची होडी सगळ्यांत मागं, आणि समोरून लाट. मिसाओनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती लाट घराच्या छपराएवढी होती. मुलगा झाला त्या वर्षी ती शाळेएवढी झाली. अलीकडे दीपस्तंभाच्या खाली यायला तयार नव्हती. ऐकणारे एकमेकांना कोपरानं ढोसायचे, पण उठून कुणी जायचं नाही. मिसाओ तर कधीच नाही. परगावातून आलेली, बुजरी सून होती ती. बाजारात मासळीची टोपली घेऊन पहिल्यांदा बसली तेव्हा तोंडातून आवाज निघेना. तेव्हा मनात ती शर्यत घोळवायची. हरलेली होडी पुढं जाते, मग आपण का नाही, असं म्हणायची आणि ओरडायची, "ताजी मासळी!" आता तिच्या आवाजानं अर्धा बाजार दचकतो, ही गोष्ट वेगळी.

गोष्टीत एक जागा मात्र सगळ्यांना कंटाळवाणी वाटायची. होडी सुलटी झाल्यावर बाकीचे तांडेल लगेच निघाले, चोएई निघाले नाहीत. त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. हे सांगताना म्हातारबुवा ती अकराही नावं घ्यायचे, सगळीच्या सगळी, मेलेल्यांचीसुद्धा, आणि प्रत्येक नावानंतर थांबायचे. तेवढ्यात पोरं रश्श्यातली हाडं संपवून टाकायची.

सरावात त्यांनी तेच सुरू केलं. गुडघे गेलेले, त्यामुळे धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच ओरडायचे. दहा जणी वल्ह्यांवर, पुढं थाळा वाजवायला फुमी, मागं सुकाणूवर मिसाओ. पहिल्या दिवशी होडी उलटली ती सुलटी व्हायलाच तयार होईना. नंतर सुलटी झाली तर चढताना पुन्हा उलटली. किनाऱ्यावर मोरिनोबु आणि त्याचा भाचा कोजी जाळी दुरुस्त करत बसले होते. त्यांची जाळी त्या दिवशी फार दुरुस्त झाली नाहीत.

"हसा, हसा," फुमी पाण्यातून ओरडली. "दात दिसू देत, म्हणजे परत येताना दिशा सापडेल!"

हळूहळू जमत गेलं. बायका हलक्या होत्या, आणि एकमेकींचं ऐकत होत्या. पुरुषांच्या होडीत दहा जणांचे दहा हुकूम सुटतात, तसं इथं नव्हतं. एका बाजूला जोर देऊन होडी फिरवायची, झुलवून अर्धं पाणी बाहेर सांडायचं, दोघींनी चढून लाकडी सुपलीनं उपसायचं, मग बाकीच्यांनी चढायचं. सगळं झालं की मिसाओनं नावं घ्यायची.

"मामंजी, यात किती वेळ जातो!" ती एकदा वैतागून म्हणाली. "बाकं भरलेली दिसतात की. शाळेसारखी हजेरी कशाला?"

"दिसतात?" चोएई म्हणाले. "तुला काय दिसतं ते विचारलं मी? नाव घे. ओ आली पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

"तर थांब."

"शर्यतीत?"

"मग काय लग्नात?"

त्सुरुमावशीचं काम त्यांतल्या त्यात अवघड होतं. ही पश्चिमवाडीची सगळ्यांत वयस्क वल्हेकरीण, साठी उलटलेली, खांदे मात्र अजून बैलासारखे. तिच्या एकटीच्या वल्ह्यानं होडी एका बाजूला वळायची. पण चष्मा काढला की तिला हातभर अंतरावरचा माणूस ओळखू यायचा नाही. चष्मा दोरीनं बांध म्हटलं तर ऐकेना. मुलीनं नाहाहून आणून दिलेला, समुद्राला कोण देणार? चोएईंनी मग तिला सोपं करून सांगितलं. "हे बघ त्सुरुको, पाण्यातून वर आलीस की समोर होडी असेल. चढायचं, हाताला येईल ते वल्हं धरायचं आणि मारायचं. इकडंतिकडं बघायचं नाही."

"बघून मला दिसणार तरी काय आहे?" मावशी म्हणाली. हे तिनं पक्कं ध्यानात ठेवलं.

सणाच्या दिवशी सकाळी देवराईत पूजा झाली, तांदळाची दारू देवाला चढली, उरलेली माणसांना. वारा होता. किनारा माणसांनी भरून गेला होता आणि पश्चिमवाडीच्या होडीकडे बोट दाखवून जो तो काहीतरी बोलत होता. सगळ्यांचे सदरे पांढरे, वाड्यांच्या पट्ट्या तेवढ्या डोक्याला वेगळ्या रंगाच्या. मिसाओनं लाल पट्टी आवळली. मोरिनोबु शेजारच्या होडीतून म्हणाला, "वहिनी, मागं राहिलात तर दोर टाकतो, ओढून आणू."

"दोर जपून ठेवा भाऊजी. होडी शाळेत ठेवायची तर बांधायला लागेल. कुणाची ते संध्याकाळी बघू."

थाळे वाजायला लागले. पहिल्या पल्ल्यात पूर्ववाडी पुढं गेली, पश्चिमवाडी तिच्या पाठीला चिकटून, मधलीवाडी थोडी मागं. किनाऱ्यावर निशाण हललं आणि तिन्ही होड्या जवळजवळ एकाच जागी पालथ्या झाल्या. पाण्यात छत्तीस डोकी, वल्ही, सुपल्या, ओरडा, थाळे बुडाल्याचा आवाज, वाऱ्यानं उडणारं पाणी. पट्ट्या तर पहिल्याच धक्क्याला सुटून गेल्या. मिसाओ वर आली ती होडीच्या काठाला हात लावूनच. "फिरवा!" ती ओरडली. होडी फिरली. झुलवली, उपसली, बायका भराभर चढल्या. पूर्ववाडी अजून उपसत होती आणि मधलीवाडीची होडी आडवीच होती.

त्या पहिल्या होत्या! किनाऱ्यावरून आरडाओरड झाली ती मिसाओला कळली. फुमीनं थाळा उचलला. "वाजवू?"

"थांब. फुमी!"

"आहे! समोर बसलेय ना!"

"नोबुए! आहे? किकु! हारुमी!" एकेकीची ओ आली. "त्सुरुमावशी!"

काही नाही.

"त्सुरुमावशी!"

मधलं बाक रिकामं होतं. इतक्या माणसांत, पाण्यात निथळताना, रिकामं बाक डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

"निघा, तांडेल!" किकु ओरडली. "राखणीची होडी आहे, ती घेईल तिला! आपण पहिल्या आहोत!"

राखणीची होडी होती, पण ती पलीकडे, मधलीवाडीच्या गोंधळाशी. शेजारून पूर्ववाडीची होडी झपाट्यानं निघून गेली, मोरिनोबुचा थाळा घुमत होता. मिसाओला शाळेचं आवार दिसलं, छपराखाली कोरडी पडलेली होडी, तिच्यावर चढून उड्या मारणारी पोरं, आणि त्या दिशेला न बघता जाणारे मामंजी. तिला त्सुरुमावशीचा असा राग आला की समोर असती तर वल्हं घातलं असतं तिच्या डोक्यात. आणि मग वाटलं, समोर असती तर!

तिनं सुकाणू दाबलं. "वळवा."

कुणी हललं नाही.

"वळवा म्हणते ना!" हा आवाज अर्धा बाजार दचकवणारा होता. होडी वळली. किनाऱ्यावरचे लोक ओरडायला लागले, अरे इकडे, इकडे! त्यांना वाटलं बायकांची दिशा चुकली. मधलीवाडीची होडी सुलटी होऊन त्यांच्या बाजूनं निघून गेली, आणि त्यातल्या कुणीतरी हात हलवून टाटा केलं. नोबुए रडत होती आणि वल्हवत होती.

लाटांच्या मधे एक डोकं दिसलं. काळं. त्सुरुमावशीचं तर पांढरं. तरी मिसाओनं होडी तिथंच नेली. कोजी होता, मोरिनोबुचा भाचा. भुवईवर खोक पडलेली, होडी फिरताना काठ लागला असावा. एका तरंगत्या वल्ह्याला मिठी मारून डोळे मिटून पडला होता. दोघींनी काखेत हात घालून त्याला वर ओढला.

"कोजी! त्सुरुमावशी दिसली का?"

त्यानं डोळे उघडले. बराच विचार केला. "माझ्या जागेवर एक बाई बसलीय," तो म्हणाला.

"काय?"

"मी चढायला गेलो. जागाच नाही. म्हातारी आहे. फार जोरात वल्हवते."

सगळ्यांनी माना वळवल्या. पूर्ववाडीची होडी पार पुढं, किनाऱ्याच्या दिशेनं पळत होती, आणि तिच्या मधोमध एक पांढरा अंबाडा तालावर पुढं मागं होत होता. इकडंतिकडं न बघता.

पहिल्यांदा फुमी हसली. मग हसू आवरेचना कुणाला, रडणारी नोबुएसुद्धा हसायला लागली. मिसाओचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी कळलं की शर्यत गेली. होडी गेली. तरी तिनं अकरावं नाव घेतलं.

"कोजी!"

"आहे," तो म्हणाला, आणि रिकाम्या बाकावर सरकून वल्हं हातात घेतलं. कपाळावरून रक्त येत होतं. "मावशी माझं काम करतेय, मग मी तिचं करतो."

पश्चिमवाडीनं त्या दिवशी जसं वल्हवलं, तसं त्यांनी सरावात एकदाही वल्हवलं नव्हतं. मधलीवाडीला त्यांनी जवळजवळ गाठलं. पण जवळजवळच.

किनाऱ्यावर काय घडलं ते मिसाओला मागून कळलं. पूर्ववाडी पहिली आली, विजयाचं निशाण मोरिनोबुच्या हातात दिलं गेलं, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. त्सुरुमावशी खाली उतरली, दोघातिघांना कडकडून भेटली आणि म्हणाली, "जिंकलो ना गं? माझा चष्मा कुठाय?" नातीनं चष्मा दिला. मावशीनं तो घातला, शेजारच्या दाढीवाल्याकडे बघितलं आणि किंचाळली, "अगं बाई! तुम्ही कोण?"

सगळा किनारा हसला. मोरिनोबुही हसला. हसता हसता त्यानं आपल्या माणसांकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

पश्चिमवाडीची होडी शेवटी आली. आमच्याकडे जिंकलेल्या होडीचं टोक धरायला वाडीतले म्हातारे पाण्यात उतरतात. शेवटच्या होडीसाठी कुणी पाय ओले करत नाही. चोएई खुर्चीतून उठले. ज्या गुडघ्यांनी त्यांना घराची पायरी चढवत नव्हती, त्या गुडघ्यांनी ते छातीएवढ्या पाण्यात गेले आणि दोन्ही हातांनी होडीचं टोक धरलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा, मामंजी." मिसाओ म्हणाली. "एक पूर्ववाडीचा आहे. पण अकरा."

"चालेल," म्हातारा म्हणाला. पाणी खारंच होतं, त्यामुळे त्याच्या गालांवर काय होतं ते सांगता यायचं नाही.

मोरिनोबु पाण्यात धावत आला. भाच्याचं कपाळ बघितलं, त्याचा खांदा एकदा गच्च दाबला, आणि वळून गावप्रमुखांसमोर जाऊन उभा राहिला. निशाण अजून हातातच होतं.

"हे परत घ्या. माझी सगळी माणसं माझ्या होडीतून आलेली नाहीत."

"अरे पण नियमात असं काही..." गावप्रमुख चाचरले. "आणि त्यांच्याही होडीत परका आहेच की."

"त्यांनी त्याला पाण्यातून उचलला. मी त्यांची मावशी पळवून आणली. हे दोन्ही सारखंच का?" मोरिनोबुचा आवाज चढला. "बाकं भरलेली दिसली आणि मी निघालो. खऱ्या समुद्रात असं केलं असतं, तर बहिणीला काय तोंड दाखवलं असतं? ही शर्यत कशासाठी आहे, ते या बायकांना कळलं. मला नाही. माझी होडी शर्यतीतून काढा."

पूर्ववाडी बाद झाली. मधलीवाडी पहिली ठरली. ती कशी जिंकली हे तिला अजूनही नीट सांगता येत नाही, पण बक्षिसाची दारू तिनं त्याच संध्याकाळी संपवली. आणि पश्चिमवाडी दुसरी. दुसरी म्हणजे शेवटची नव्हे, हे फुमीनं गावप्रमुखांना थाळा वाजवून पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. होडी शाळेत गेली नाही.

मिसाओ वाळूवर बसली होती. मोरिनोबु तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि कमरेत वाकला, थेट खाली, सगळ्या गावासमोर. ती घाईघाईनं उठली. "भाऊजी, असं काय! त्सुरुमावशी परत दिलीत, एवढं पुरे."

"देतो," तो म्हणाला, "पण पुढच्या वर्षी उसनी मिळेल का? असं वल्हं आमच्याकडे नाही."

पुढच्या वर्षी निशाण हललं, तीन होड्या पालथ्या झाल्या, सुलट्या झाल्या, आणि तिन्ही थाळे गप्प राहिले. वाऱ्यावरून नावं ऐकू आली, तीन वाड्यांची, एकामागून एक, आणि प्रत्येक नावानंतर ओ. असं कुणी ठरवलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. किनाऱ्यावर एवढी माणसं उभी होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही. त्सुरुमावशीची ओ सगळ्यांत मोठी होती. चष्मा दोरीनं बांधलेला होता.

त्या रात्रीच्या जेवणात रश्श्याचा वास सुटला, तशी पोरं सवयीनं चोएईंच्या भोवती गोळा झाली. दीपस्तंभाएवढी लाट येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला.

"त्या वर्षी," ते म्हणाले, "पश्चिमवाडीची होडी पहिली होती. सुकाणूवर माझी सून. आणि समोरून लाट आली, दीपस्तंभाहून उंच."

मिसाओच्या हातातला वाडगा तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगितली नव्हती.

"मामंजी," ती कशीबशी म्हणाली, "त्या दिवशी लाट नव्हतीच."

"तू गप्प बस," चोएई म्हणाले. "तू सुकाणू धरलं होतंस. बघत मी होतो." आणि त्यांनी सावकाश नावं घ्यायला सुरुवात केली, फुमी, नोबुए, किकु, हारुमी, प्रत्येक नावानंतर थांबत. या खेपेला रश्श्यातल्या हाडांना कुणी हात लावला नाही.